आफ्रिकन सिनेमा आधी कानाने पाहा

तीस वर्षं साउंडचं काम केलं, त्यामुळे कुठलाही सिनेमा लागला की शब्द ओठांशी जुळतात का हे बघायला माझी नजर आधी ओठांवर जाते. आमच्या फिल्म क्लबात आफ्रिकन सिनेमा लावायचं ठरलं तेव्हा सगळ्यांचा एकच प्रश्न होता, सुरुवात कुठून करायची? मी म्हटलं, ओठांपासून. चार रात्री काढा, जमलं तर लागोपाठ.

पहिल्या रात्री दिग्दर्शक उस्मान सेंबेन यांचा ‘ला न्वार द...’ (१९६६). सेनेगलची दियुआना फ्रेंच कुटुंबाकडे कामाला म्हणून फ्रान्सला जाते आणि तिथल्या फ्लॅटमध्ये कोंडल्यासारखी होते. पडद्यावर म्बिसीन तेरेझ दियोप, पण मनातलं बोलणं हैतीच्या तोतो बिसाँत यांच्या आवाजात, तेही सफाईदार फ्रेंचमध्ये. एखादा प्रसंग आधी आवाज बंद करून बघा, मग तोच आवाजासकट. ओठ मिटलेले आणि आत भलतीच बाई बोलतेय, असं वाटेल. वाटू द्या.

आता पैशाचा माग काढा. वसाहतींत परवानगीशिवाय कॅमेरा चालवायला फ्रान्सने १९३४ मध्ये बंदी घातली होती. स्वातंत्र्यानंतर त्याच फ्रान्सच्या मंत्रालयाने सिनेमासाठी कचेरी उघडली. पैसे तिथून, एडिटिंग टेबल पॅरिसला, निगेटिव्ह धुवायचं तेही पॅरिसला. आपल्या फाळक्यांनीही कॅमेरा लंडनहूनच आणला, पण फिल्म धुतली दादरला, घरच्या घरी, सरस्वतीबाईंच्या हातांनी. मला विचाराल तर सगळा फरक त्या धुण्यात आहे. शूट केलेलं आज-उद्या बघता येणं आणि विमानाने जाऊन परत येईपर्यंत ताटकळणं, यात दिग्दर्शकाची हिंमत बदलते. सेंबेन स्वतः शिकले मॉस्कोत, दिग्दर्शक मार्क दोन्स्कॉय यांच्या हाताखाली. म्हणजे शिक्षण रशियाचं, लॅब फ्रान्सची, गोष्ट सेनेगलच्या राजधानीची, डाकारची.

दुसऱ्या रात्री त्यांचाच ‘मांदाबी’ (१९६८). सुरुवातीलाच न्हावी नायक इब्राहिमाच्या नाकपुडीतले केस काढतो, अगदी जवळून. पॅरिसहून भाच्याने पाठवलेली मनीऑर्डर त्याला वटवता येत नाही, कारण ओळखपत्र नाही. या सिनेमालाही फ्रान्सचे पैसे होते आणि अट होती फ्रेंच आवृत्तीची. म्हणून सेंबेननी तो फ्रेंच आणि वोलोफ (सेनेगलची भाषा) अशा दोन्ही भाषांत शूट केला. तुम्ही वोलोफ आवृत्तीच मिळवा. इथे ओठ आणि शब्द एका माणसाचे आहेत. इब्राहिमाची मनीऑर्डर आणि दिग्दर्शकाचं अनुदान, दोन्ही पॅरिसचंच, हे सेंबेनना दिसलं नसेल असं मला वाटत नाही.

तिसरी रात्र नायजेरियाची: ‘लिव्हिंग इन बाँडेज’ (१९९२), इग्बो भाषेत, व्हिडिओवर. इथे ना पॅरिसची लॅब ना महोत्सव. निर्माते केनेथ न्नेबुए, माल लेगोसच्या बाजारात व्हीएचएस कॅसेट म्हणून विकलेला. परदेशी काय, तर यंत्र आणि कोऱ्या कॅसेट. मी तो हॉलच्या मोठ्या स्पीकरवर लावला आणि नुसता कचकचाट झाला, पुढच्या रांगेने कान झाकले. तुम्ही ट्रेबल, म्हणजे आवाजातला तीक्ष्ण, उंच भाग, उतरवा, स्पीकर छोटे घ्या. हा सिनेमा दिवाणखान्यातल्या टीव्हीसाठी केलेला आहे, त्याला तसंच ऐका. (नायजेरियाच्या उत्तरेकडे कानो शहरात हौसा भाषेचे सिनेमे बनतात. त्यातली गाणी ऐकलीत तर हिंदी सिनेमाची छाप ओळखायला शिकवणी लागणार नाही.)

चौथ्या रात्री नायजेरियाच्याच अभिनेत्री-दिग्दर्शक जेनेव्हीव न्नाजी यांचा ‘लायनहार्ट’. चित्र चकचकीत, आवाज स्वच्छ, हक्क नेटफ्लिक्सकडे. तांत्रिक तक्रारीला जागाच नाही. नायजेरियाने ऑस्करला पाठवलेला हा पहिलाच सिनेमा, आणि २०१९ मध्ये तो ‘आंतरराष्ट्रीय चित्रपट’ गटातून बाद झाला, कारण तिथे संवाद बहुतेक इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेत लागतात आणि याचे बहुतेक इंग्रजीत. देशाची अधिकृत भाषाच इंग्रजी, ती कुणी लादली तेही सर्वांना ठाऊक. त्या रात्री कुणाच्या तरी हातात घड्याळ द्या आणि इग्बो संवाद मोजायला सांगा. दीड तासात अकरा मिनिटांच्या आसपास भरतील.