मिडलचा नॉब आधी फिरवा

लहानपणी वडिलांबरोबर मिरजेला गेले की मी सतारमेकर गल्लीत थांबायचे. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, काढताना कारागीर घोडीचा (ज्यावर तारा टेकतात तिचा) माथा कानशीने जरासा घासायचा, तार छेडायचा, ऐकायचा, मग पुन्हा घासायचा. घासलेलं परत भरता येत नाही, म्हणून हात फार जपून. इलेक्ट्रिक गिटारच्या अॅम्पचे (आवाज मोठा करणाऱ्या पेटीचे) नॉब मागेही फिरतात, तरी सांगलीत विश्रामबागला माझ्याकडे गिटार शिकणाऱ्या मुलांना मी हीच सवय लावते. थोडं काढायचं, ऐकायचं, मग पुढे.

आधी अॅम्प खुर्चीवर चढवा. १२ इंची स्पीकरचा तीक्ष्ण आवाज सरळ रेषेत जातो. अॅम्प जमिनीवर असला तर तो आपल्या गुडघ्यांना ऐकू येतो, कान उपाशी राहतात आणि आपण ट्रेबल, म्हणजे वरचे सूर, वाढवत बसतो. समोरच्या रांगेचे कान मात्र किटतात.

मग गेन, म्हणजे आत येणारा आवाज किती जोरात घ्यायचा आणि किती फाटू द्यायचा ते. नंतर बदलला तर बाकीचं सगळं पुन्हा लावावं लागतं. गेन ठरला की बास (खालचे सूर), मिडल (मधले) आणि ट्रेबल हे तिन्ही नॉब मधोमध ठेवा. मधोमध म्हणजे सपाट आवाज, असं मात्र समजू नका. फेंडर कंपनीच्या पद्धतीच्या सर्किटमध्ये सगळे नॉब ५ वर असले तरी मिडलला खळगा असतोच, म्हणजे मधले सूर दबलेलेच असतात. मार्शल कंपनीचा पहिला अॅम्प, १९६२ चा जेटीएम ४५, फेंडरच्या बासमन या अॅम्पवरूनच बेतलेला. खळगा तिथेही आहे. शिवाय या अॅम्पमध्ये एक नॉब फिरवला की दुसऱ्यांचं वागणंही बदलतं.

म्हणून मिडलपासून सुरुवात करा. मी केली नव्हती. घरी बास ८, मिडल १, ट्रेबल ८ लावलं की आवाज भरदार वाटायचा. हळू आवाजात कानाला खालचे आणि वरचे सूर कमी ऐकू येतात, फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. ती उणीव मी नॉबने भरत होते. गणेशोत्सवातल्या पहिल्याच कार्यक्रमात मांडवात माझी गिटार कुणाला ऐकूच आली नाही. गिटारची जाड तार ८२ हर्ट्झची, बास गिटारची ४१ ची. खालची जागा बास गिटारने आणि किक ड्रमने (पायाने वाजवायच्या मोठ्या ढोलाने) घेतली, वरची झांजांनी. मधली माझी होती, तीच मी रिकामी ठेवली होती. ती रात्र मला अजून बोचते.

तेव्हा मिडल ६-७ वर न्या. एकट्याने वाजवताना आवाज नाकातला वाटेल, वाटू द्या. बँडबरोबर तो बरोबर बसतो. बासचा नॉब मात्र बँड वाजत असतानाच कमी करत आणा, बास गिटारचे सूर सुटे ऐकू येईपर्यंत.

इक्वलायझर पेडल (सूरांच्या पट्ट्या वेगवेगळ्या कमी-जास्त करणारी छोटी पेटी) असेल तर, उदाहरणार्थ, बॉस कंपनीच्या जीई-७ वर १०० ते ६४०० हर्ट्झ अशा सात पट्ट्या आहेत, प्रत्येकी १५ डेसिबल वर किंवा खाली. आवाज घुमल्यासारखा वाटला तर २०० किंवा ४०० ची पट्टी ३ डेसिबल खाली घ्या. ६४०० वाढवून फारसं हाती लागत नाही, गिटारच्या स्पीकरचा आवाज साधारण ५००० हर्ट्झच्या पुढे झपाट्याने उतरतो. सुसकारा तेवढा वाढतो.

पेडल कुठे जोडता यावर सगळं अवलंबून आहे. डिस्टॉर्शनच्या, म्हणजे आवाज फाडणाऱ्या टप्प्याच्या, आधी जोडून १०० ची पट्टी खाली घेतली तर फाटलेला आवाज आवळून येतो. सोलोसाठी आवाज उठवायचा असेल तर इफेक्ट्स लूपमध्ये (अॅम्पच्या गेननंतर पेडल जोडायच्या जागी) जोडा आणि ८०० व १६०० थोडे वर घ्या. आधीच भरपूर गेन असलेल्या अॅम्पच्या तोंडाशी, म्हणजे गिटारची वायर लागते तिथे, तेच केलं तर डिस्टॉर्शन वाढेल, आवाज जवळजवळ तेवढाच.

सांगलीच्या भावे नाट्यमंदिरासारख्या सभागृहात साउंड चेक रिकाम्या खुर्च्यांसमोर होतो. माणसं बसली की वरचे सूर अंगावरच्या कपड्यांत मुरतात. पहिल्या गाण्यानंतर ट्रेबल अर्ध्या आकड्याने वर घ्या.