कोर्स केला, पॉइंट्स टळले आणि इन्शुरन्सच्या फॉर्मवर आपटले

मी फिजिओ आहे, इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनमध्ये घरोघरी जाऊन पेशंट बघते. दिवसाला सहा-सात घरं, त्यामुळे गाडी म्हणजे माझं निम्मं ऑफिसच. एका मंगळवारी ताशी ३० मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर ३७ने गेले आणि आठवड्याभरात पोलिसांचं पाकीट दारात.

पुण्यात असते तर लोकअदालतीची वाट बघत निवांत बसले असते. इथे ती सोय नाही. गाडी कोण चालवत होतं ते २८ दिवसांत कळवायचं. नाही कळवलं तर त्या न कळवण्याचेच लायसन्सवर दंडाचे ६ पॉइंट्स बसतात, म्हणजे मूळ गुन्ह्याच्या दुप्पट. आणि ‘नवऱ्याचं नाव टाकू का’ हा विचार मनातही आणू नका. ख्रिस ह्यून या माजी मंत्र्याचे पॉइंट्स बायकोने स्वतःच्या लायसन्सवर घेतले होते. २०१३मध्ये दोघंही तुरुंगात गेले. घर बदललं असेल तर गाडीच्या लॉगबुकवरचा, म्हणजे नोंदणीच्या कागदावरचा, पत्ताही बदला. लायसन्सवरचा बदलला म्हणजे झालं असं नाही, पाकीट लॉगबुकवरच्या पत्त्यावर जातं.

३०च्या रस्त्यावर साधारण ३५ ते ४२च्या मध्ये सापडलात आणि गेल्या तीन वर्षांत स्पीड अवेअरनेस कोर्स, म्हणजे वेगाबद्दलचा शिकवणी वर्ग, केलेला नसेल, तर बहुतेक वेळा १०० पौंड नि ३ पॉइंट्सऐवजी कोर्स मिळतो. घ्या. डोळे झाकून घ्या. लाजायचं काही कारण नाही. सुएला ब्रेव्हरमनबाईंनी आपल्याला खाजगीत एकटीला कोर्स करता येईल का अशी अधिकाऱ्यांकडे चौकशी केली, शेवटी पॉइंट्स घेतले, आणि २०२३मध्ये ते बाहेर आल्यावर गृहमंत्रिपदावर असताना त्यावरून गदारोळ झाला. गुपचूप ऑनलाइन बसल्या असत्या तर कुणाला पत्ता लागला नसता.

कोर्स पावणेतीन तासांचा, ऑनलाइन. ट्रेनरने आधी लायसन्स कॅमेऱ्यासमोर धरायला लावलं. एक गृहस्थ पार्क केलेल्या गाडीतून जॉइन झाले होते, त्यांना तिथल्या तिथे बाहेर काढलं. परीक्षा नसते, पण गप्प बसूनही चालत नाही. पाटी नसेल आणि रस्त्यावर दिव्यांचे खांब असतील तर ३० समजायचं, हे मला चार वर्षं गाडी चालवून त्या दिवशी नीट कळलं. ३०ने जाणारी गाडी थांबायला २३ मीटर लागतात, ४०ला ३६. तो तेरा मीटरांचा फरक मी अजून पेशंटच्या दारासमोर गाडी लावताना डोळ्यांनी मोजते.

कोर्स संपला. गंगेत घोडं न्हालं म्हणून मी मोकळी झाले. कामावरचे एक दादा, इथे वीस वर्षं काढलेले, म्हणाले, “पॉइंट्स नाहीत ना? मग इन्शुरन्सवाल्यांना काही सांगायचं नसतं.” इथे मी आपटले. नीट वाचा, कारण दादा अर्धे बरोबर होते, आणि अर्धा बरोबर सल्लाच माणसाला खड्ड्यात घालतो.

बरोबर अर्धा असा. कोर्स म्हणजे कन्व्हिक्शन, म्हणजे गुन्हा सिद्ध होणं, नाही. तो लायसन्सवर चढत नाही, पोलीस इन्शुरन्स कंपनीला कळवत नाहीत. फॉर्ममध्ये लायसन्स नंबर टाकला की कंपनीला पॉइंट्स दिसतात, कोर्स दिसत नाही. विचारलं नसेल तर आपणहून सांगायची गरज नाही. २०१२च्या कायद्याने सामान्य ग्राहकावरचं ते ओझं काढून टाकलं आहे.

पण विचारलं, तर खरं तेच सांगावं लागतं. आणि काही कंपन्या विचारतात. कशा विचारतात ते बघा. दरांची तुलना करणाऱ्या वेबसाइटवर मी ‘कन्व्हिक्शन: नाही’ लिहिलं, ते खरंच होतं. तिथून स्वस्तातल्या कंपनीच्या पानावर गेले. तिथे खाली बारीक अक्षरात त्यांची गृहीतकं होती: गेल्या ५ वर्षांत तुमच्यावर किंवा कुठल्याही नेम्ड ड्रायव्हरवर (पॉलिसीत नाव घातलेला दुसरा चालक) कन्व्हिक्शन नाही, फिक्स्ड पेनल्टी नाही, आणि तुम्ही स्पीड अवेअरनेस कोर्स केलेला नाही. समोर ‘हो, बरोबर आहे’ आधीच टिक केलेलं. मी पैसे भरले. म्हणजे मला वाटत होतं मी काही बोललेच नाही, आणि कागदावर माझ्या नावाने खोटं छापून तयार.

सहा महिन्यांनी पत्ता बदलायला फोन केला. बाईने गृहीतकं एकेक करून वाचली. तिसऱ्याला माझी वाचा बसली. मग सांगून टाकलं. ‘अंडररायटरला (जोखीम बघून प्रीमियम ठरवणाऱ्याला) विचारून दोन दिवसांत कळवतो.’ त्या दोन रात्री झोप नाही. शेवटी ५८ पौंड जास्तीचे आणि २५ पौंड फी. एवढंच.

एवढंच, पण फोनऐवजी अपघात झाला असता तर? चूक निष्काळजीपणाची धरली तर क्लेम प्रमाणात कापू शकतात. योग्य प्रीमियम ७५०चा आणि तुम्ही ६०० भरलेत, तर ५,००० पौंडांच्या क्लेमचे ४,०००च हातात. मुद्दाम लपवलं असं ठरलं तर पॉलिसी मुळातूनच रद्द, प्रीमियमही गेला. आणि ‘तुमची पॉलिसी कधी रद्द झाली आहे का’ हा प्रश्न पुढे फॉर्मामागून फॉर्मात भेटत राहतो. त्यापुढे कोर्स म्हणजे किरकोळ गोष्ट.

म्हणून पैसे भरायच्या आधी शेवटचं पान मोठ्याने वाचा. रिन्यूअल आपोआप होऊ देऊ नका, कारण ती गृहीतकंही आपोआप पुन्हा तुमच्या नावावर लागतात. विचारणारी कंपनी ‘हो’ म्हटल्यावर महाग पडली तर न विचारणारी शोधा. अशा भरपूर आहेत आणि त्यात बेकायदेशीर काही नाही. मात्र कोर्सचा प्रश्नच नको म्हणून पॉइंट्स घ्यायचा शहाणपणा करू नका. लायसन्सवर ते ४ वर्षं दिसतात, आणि त्यांच्याबद्दल जवळजवळ सगळेच विचारतात, तेही ५ वर्षांपर्यंतचं. लायसन्स मिळून दोन वर्षं झाली नसतील तर ६ पॉइंट्सना लायसन्सच जातं, हे आपल्यासारख्या इथे येऊन नव्याने परीक्षा दिलेल्यांनाही लागू आहे. भारतात वीस वर्षं गाडी चालवली असेल, इथे त्याला कुणी विचारत नाही.

फ्रिजवर मी दोन तारखा चिकटवल्या आहेत, पकडले गेले ती आणि कोर्स केला ती. पुन्हा कोर्स मिळण्याची तीन वर्षं पहिल्या तारखेपासून मोजतात. इन्शुरन्स कंपनी यातली कोणती तारीख विचारेल याचा नेम नाही. परवा त्याच कागदावर तिसरी तारीख लिहिली. नवरा कार्डिफला गेला होता. वेल्समध्ये सप्टेंबर २०२३पासून वस्तीतले बहुतेक ३०चे रस्ते २०चे झालेत. साहेब २७ने गेले. तो माझ्या पॉलिसीवर नेम्ड ड्रायव्हर आहे, रिन्यूअल जूनमध्ये, आणि फॉर्म मीच भरते.