फोटो एडिटिंग शिकताय? मूळ फाइलला हात लावू नका, आणि या बाकीच्या चुकाही टाळा

गणपती, नवरात्र, मग लग्नसराई. बडोद्यात हे महिने आले की आमच्या दांडिया बाजारातल्या दुकानात पेन ड्राइव्ह घेऊन येणाऱ्यांची रीघ लागते. कुणाला मंडळाचा बॅनर हवा असतो, कुणाला मुंजीची पत्रिका, कुणाला भिंतीवर लावायला आजोबांचा मोठा फोटो. हल्ली बरेचजण घरीच एडिट करून आणतात आणि मला त्याचा मनापासून आनंद होतो. गिम्प फुकट आहे, क्रिटा फुकट आहे, फोटोपी ब्राउझरमध्येच उघडतं, फोनवर स्नॅपसीड आहे. घरगुती आणि मंडळाच्या कामाला याहून जास्त काही लागत नाही. मित्राकडून क्रॅक केलेलं महागडं सॉफ्टवेअर तर मुळीच आणू नका. त्याच्याबरोबर व्हायरस येतात, आणि तुमच्या पेन ड्राइव्हमधून ते छापखान्यात पोचतात.

फोटो बिघडतात ते सॉफ्टवेअर स्वस्त असतं म्हणून नाही. घाईने बिघडतात, आणि चुका दर वर्षी त्याच.

मूळ फोटोवरच काम करणं

ही सगळ्यात मोठी चूक. बाकीच्या सगळ्या दुरुस्त होतात, ही होत नाही.

रावपुऱ्यातल्या एका घरातला नातू आला होता. आजोबांचं वर्षश्राद्ध जवळ आलेलं, बारा बाय अठरा इंचाची फ्रेम करायची होती. घरात आजोबांचा तरुणपणीचा एकच चांगला फोटो, पगडी घातलेला, स्टुडिओत काढलेला. तो वर्षानुवर्षं काचेला चिकटून बसला होता. मुलाने त्याचा फोनवर फोटो काढला आणि मग मूळ प्रिंट काचेवरून सोडवायला गेला, तर चेहऱ्यावरचा थरच निघून आला. म्हणजे आता फोनमधली फाइल हीच मूळ प्रत. ती त्याने एका ‘फोटो सुंदर करा’ छापाच्या अ‍ॅपमध्ये टाकली, बटण दाबलं, डोळे चमकले, मिशी विंचरल्यासारखी झाली, आणि त्याने त्याच नावाने सेव्ह केलं. जागा कमी पडत होती म्हणून ट्रॅशही रिकामा केला.

आजी बरोबर आल्या होत्या. मी स्क्रीनवर फोटो मोठा केला. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाल्या, “पगडी ह्यांचीच आहे. नाक ह्यांचं नाही. ह्यांचं नाक डावीकडे थोडं वाकलेलं होतं, लहानपणी विहिरीच्या काठावर पडले होते.” मुलगा म्हणाला, “अगं आजी, क्लिअर झालंय ते.” त्या काही बोलल्या नाहीत, पण फोटोकडे पुन्हा पाहिलंही नाही.

चूक आजींची नव्हती. असली अ‍ॅप्स हरवलेला तपशील शोधून काढत नाहीत. फोटोत जो तपशील उरलाच नाही तो कुठून शोधणार? त्यांना हजारो चेहरे दाखवून शिकवलेलं असतं. पुसट जागा दिसली की त्या चेहऱ्यांवरून ती अंदाजाने एक सरळ, सुबक नाक बसवतात. वाकडं नाक, गालावरचा व्रण, एक भुवई जरा वर असणं, म्हणजे ज्या खुणांवरून घरचे लोक माणूस ओळखतात, त्याच आधी जातात. मागची भिंत किंवा पडदा साफ करायला ही अ‍ॅप्स वापरा. गेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर वापरू नका. या बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही.

त्या मुलाचं नशीब एवढंच, की एडिट करण्याआधी त्याने फोटो पुण्याच्या मावशीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. तो परत मागवला. व्हॉट्सअ‍ॅपने तो आकसवलेला होता, त्यामुळे बारा बाय अठरा निघणं शक्य नव्हतं. डाग हाताने काढले, काळं-पांढरं सावरलं, आणि पाच बाय सातचा फोटो केला. नाक आजींना हवं तसं, वाकडंच राहिलं.

आता उपाय. माझी सवय सांगतो. फोटो संगणकावर आला की पहिल्यांदा ‘मूळ’ नावाचं फोल्डर करायचं, फोटो त्यात टाकायचा आणि फाइलच्या गुणधर्मांत जाऊन ‘रीड ओन्ली’वर खूण करायची. काम नेहमी प्रतीवर. गिम्पमध्ये जेपीजी उघडलं की फाइल मेनूत ‘ओव्हरराइट’ असा पर्याय दिसतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. ‘सेव्ह’ केलं की गिम्प एक्ससीएफ फाइल करतं, तिच्यात सगळे लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले कामाचे थर, शाबूत राहतात. छापायला द्यायची जेपीजी ‘एक्सपोर्ट’मधून काढायची, क्वालिटी नव्वदच्या वर ठेवून. नवशिके विचारतात, दोन-दोन फाइली कशाला? कारण जेपीजी प्रत्येक वेळी सेव्ह होताना थोडा तपशील टाकून देते. तीच फाइल उघडून, थोडं बदलून, पुन्हा सेव्ह करत राहिलात की चेहऱ्याच्या कडांना चौकोनी ठिगळं दिसू लागतात आणि ती नंतर निघत नाहीत.

फोनवर चूक होऊन गेली असेल तर आधी घाबरू नका. आयफोनच्या आणि गूगलच्या फोटो अ‍ॅपमध्ये एडिट केलेला फोटो पूर्ववत करण्याचा पर्याय असतो, तो बघा. मग ट्रॅश बघा. मग फोटो कुणाकुणाला पाठवला होता ते आठवा.

जुना फोटो असेल तर फोनने काढूच नका, स्कॅन करा. चार बाय सहाचा असेल तर ६०० डीपीआय (इंचाला इतके ठिपके), पासपोर्ट साइझचा असेल तर १२००. आणि फोटो काळा-पांढरा असला तरी स्कॅन रंगीतच करा. हे सांगितलं की लोक चमकतात. रंगीत फोटो लाल, हिरवा आणि निळा अशा तीन चॅनेलचा, म्हणजे रंगांच्या थरांचा असतो. पिवळट डाग निळ्या चॅनेलमध्ये गडद दिसतात आणि लाल चॅनेलमध्ये जवळजवळ नाहीसे होतात. रंगीत स्कॅनचा नुसता लाल चॅनेल घेतला की निम्मी साफसफाई आपोआप होते. ग्रे स्कॅन करणारा ही सोय पहिल्याच पायरीवर गमावतो.

लहान फोटो ओढून मोठा करणं

छपाईचा हिशोब साधा आहे. हातात धरून बघायच्या फोटोला इंचाला ३०० पिक्सेल लागतात. म्हणजे चार बाय सहाला १२०० बाय १८००, आणि ए-फोर कागदाला २४८० बाय ३५०८. फोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० असतो, तो तेरा बाय दहा इंचांपर्यंत सुखाने जातो. तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या पद्धतीने पाठवला की लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरच पाठवायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा, तो जसाच्या तसा जातो. गॅलरीचा स्क्रीनशॉट काढून पाठवणाऱ्यांना मी परत पाठवतो.

डीपीआयच्या चौकटीत ७२ चे ३०० लिहिले म्हणजे फोटो सुधारला, हा मोठा गैरसमज आहे. पिक्सेल तेवढेच राहतात. सॉफ्टवेअरने ते वाढवले तरी मधली जागा फक्त धूसर भरली जाते.

उलट, मंडळाच्या सहा बाय चार फुटांच्या फ्लेक्सला ३०० ची गरज नाही. माणूस तो रस्त्यापलीकडून बघतो, ७२ भरपूर झाले. ३०० वर फाइल करून संगणक गोठवणारे दर भाद्रपदात भेटतात.

“काका, काहीच होत नाहीये”

हा फोन मला रात्री दहालाही येतो. ब्रश फिरवतोय, रंग उमटत नाही. सॉफ्टवेअर खराब आहे, काढून टाकू का? थांबा. कारण बहुतेक वेळा या चारांपैकीच एक असतं.

कुठेतरी छोटंसं सिलेक्शन राहून गेलेलं असतं, कोपऱ्यात मुंग्यांसारख्या चालणाऱ्या रेषा दिसतील. गिम्पमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ए एकत्र दाबा. फोटोपीमध्ये कंट्रोल आणि डी. गिम्पमध्ये कंट्रोल-डी दाबलंत तर फोटोची दुसरी प्रत उघडेल, आणि मग तुम्ही एकीत काम करून दुसरी सेव्ह कराल.

किंवा भलताच लेयर निवडलेला असतो. किंवा लेयर चित्रापेक्षा लहान असतो. गिम्प त्याच्याभोवती पिवळी-काळी तुटक रेषा दाखवतं, तिच्याबाहेर काही उमटत नाही.

चौथं कारण खोडरबराचं. मागचा भाग खोडला की पारदर्शक व्हायच्या ऐवजी पांढरा होतो. जेपीजीत पारदर्शकता नसतेच, त्यामुळे गिम्पमध्ये लेयर मेनूतून ‘अल्फा चॅनेल’, म्हणजे पारदर्शकतेचा थर, जोडावा लागतो आणि शेवटी पीएनजीत एक्सपोर्ट करावं लागतं. पण माझं ऐकाल तर खोडरबर वापरूच नका. लेयर मास्क, म्हणजे लेयर न खोडता झाकणारा पडदा, लावा आणि काळ्या ब्रशने झाका. चुकून फोटोतलं बोट कापलं गेलं तर पांढऱ्या ब्रशने परत आणता येतं. मास्क शिकायला एक संध्याकाळ लागते आणि नवशिके नेमकी तेवढीच टाळतात. एका बटणात मागचं उडवणारी सोय त्यांना प्रिय असते, आणि मग नवरीच्या मोकळ्या केसांची जागा कात्रीने कापल्यासारखी दिसते.

मराठी मजकूर न तपासणं

प्रत्येक स्वस्त सॉफ्टवेअरला देवनागरी नीट जमतेच असं नाही. काहींमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, रफार सुटून वेगळा ‘र्’ दिसतो. इंग्रजीत झकास दिसलं म्हणून अख्खी पत्रिका मांडायची आणि मग हे लक्षात यायचं. त्यामुळे नवीन सॉफ्टवेअरमध्ये मी आधी ‘कीर्तिमंदिर’ टाइप करून बघतो. दोन्ही वेलांट्या, रफार आणि अनुस्वार एकाच शब्दात तपासून होतात. गिम्पमध्ये तो नीट उमटतो. ज्यात उमटत नाही त्यात भांडत बसू नका. मजकूर गिम्पमध्ये तयार करा, पारदर्शक पीएनजी काढा आणि ती तिकडे वर ठेवा. फॉन्ट युनिकोडच घ्या, ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘बलू’ (Baloo) या नावांच्या फॉन्टसारखा, फुकट मिळतात. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अगम्य अक्षरं दिसतात.

छापायला देण्याआधी मजकूर घरातल्या मोठ्या माणसाला मोठ्याने वाचायला लावा. आमच्याकडे ‘चि.सौ.कां.’ बारशाच्या पत्रिकेवरही आलेलं आहे.

चेहरा गोरा करणं

मुलीचा स्थळासाठीचा फोटो असला की आई हळूच म्हणते, “दादा, थोडी उजळ करा ना.” मी करत नाही. तत्त्व आहेच, पण कारागिरीचंही कारण आहे. चेहरा उजळला की नाकाशेजारची, हनुवटीखालची सावली जाते आणि चेहरा सपाट होतो. मान आणि हात मात्र मूळ रंगाचे राहतात. आपल्या गावात फतेहसिंग म्युझियममध्ये राजा रविवर्म्याची तैलचित्रं आहेत. जाऊन कुठल्याही एका चेहऱ्यासमोर दहा मिनिटं उभं राहा. गालाच्या उजेडापासून कानामागच्या अंधारापर्यंत त्वचेचे किती रंग लावलेत ते बघा. ‘ब्यूटी’ फिल्टर नेमके तेच पुसतो.

खरी अडचण बहुतेक वेळा ट्यूबलाइटच्या हिरवट झाकेची असते. व्हाइट बॅलन्समध्ये ‘टिंट’ थोडा गुलाबीकडे न्या, ब्राइटनेसला हात न लावता कर्व्ह्जची, म्हणजे उजेड-सावलीच्या आलेखाची, रेघ मधोमध किंचित वर उचला. तेवढ्याने आईंचं समाधान होतं, आणि मुलगी मुलीसारखी दिसते.

थोडक्यात बाकीच्या

शार्पन सगळ्यात शेवटी, तेही एकदाच, अंतिम आकार ठरल्यावर.

सॅच्युरेशनचा स्लायडर टोकाला नेऊ नका. सूरसागर तलावावरचा सूर्यास्त भगवा होता, तुम्ही तो लालभडक करता.

पॅलेसचा टॉवर खालून काढला की मागे झुकतो. पर्स्पेक्टिव्हने सरळ करा, पण क्रॉप त्यानंतर.

सरकारी फॉर्मला ठरावीक केबीतला फोटो हवा असेल तर आधी पिक्सेल कमी करा, मग क्वालिटी. उलट केलं की चेहरा डागाळतो.

एका फोटोवर तीन अ‍ॅप्स फिरवू नका. प्रत्येक अ‍ॅप पुन्हा जेपीजी करतं.

स्क्रीनवर विश्वास ठेवून छापायला देणं

स्क्रीन प्रकाशाने रंग दाखवते, कागद शाईने. चणियाचोळीचा झगझगीत गुलाबी आणि पोपटी स्क्रीनवर दिसतो तसा शाईत येतच नाही, कितीही महाग छपाई करा. शिवाय लोक रात्री अंधारात, स्क्रीन पूर्ण उजळ ठेवून एडिट करतात, आणि प्रिंट काळपट आली की छापखान्याला बोल लावतात. स्क्रीनचा उजेड निम्म्यावर आणा, खोलीत दिवा लावा. फोटो लॅबला एसआरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या नेहमीच्या रंगपद्धतीतली, जेपीजी द्या. ऑफसेटला पत्रिका जाणार असेल तर सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांतलं रूपांतर, कोण करणार ते छापखान्याला आधी विचारा, स्वतः अंदाजाने करू नका.

आणि मोठी प्रिंट काढण्याआधी तोच फोटो चार बाय सहावर एकदा काढा. थोडक्या पैशांत होतो. तो घरी न्या, दिवसा खिडकीशी धरून बघा, चेहऱ्याची सावली, पांढऱ्या साडीतल्या चुण्या आणि काळ्या कोटाची बटणं दिसतात का ते तपासा. दिसत नसतील तर कर्व्ह्ज पुन्हा उघडा. एक्ससीएफ ठेवली असेल तर पाच मिनिटांचं काम आहे.