पशुवैद्यक व्हायचंय? आधी पंधरा दिवस हे करा

नीटचा फॉर्म भरण्याआधी परवानगी काढून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पंधरा दिवस उभे राहा. कुत्र्यामांजरांची आवड हा निकष नाही. खांद्यापर्यंत हातमोजा चढवून केलेली गाभण तपासणी, कासदाह, विताना अडलेली म्हैस हे सगळं बघून दुसऱ्या दिवशी पुन्हा यावंसं वाटतं का, ते पाहा.

व्यायल्यावर कॅल्शियम घटून आडवी पडलेली गाय शिरेतून बाटली दिल्यावर बहुधा काही तासांत उठते. हा आनंद खराच. पण बाटली कोमट करून, ठोके ऐकत, सावकाश सोडावी लागते. घाईत हृदय बंद पडू शकतं. आणि मालक शेजारी ‘लवकर करा, डॉक्टर’ म्हणत असतो!

पदवी साडेपाच वर्षांची, इंटर्नशिप धरून. शेण-रक्त चालतं, पण माणसांशी बोलायचा कंटाळा असेल, तर रोगनिदान प्रयोगशाळा किंवा लसनिर्मितीकडे वळा.