पावतीत नावाऐवजी #नाव# च येतंय?

गूगल फॉर्म भरला की सोसायटीच्या मेंटेनन्सची पावती आपोआप मेलवर जावी, हे ॲप्स स्क्रिप्टमध्ये, म्हणजे गूगलची कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्राम लिहायच्या गूगलच्याच सोयीत, जमतं. गूगल डॉक्समध्ये पावतीचा नमुना करून #नाव#, #रक्कम# अशा खुणा ठेवा. स्क्रिप्ट नमुन्याची प्रत काढते, 'रिप्लेसटेक्स्ट'ने त्या जागा भरते आणि पीडीएफ मेल करते. गाडी अडते ती इथे: डॉक उघडून बघावं तर सगळं बरोबर, पण पीडीएफमध्ये #नाव# तसंच! कारण पीडीएफ निघाली तेव्हा बदल सेव्हच झालेले नसतात. त्याआधी 'सेव्हअँडक्लोज' ही एक ओळ टाका. फॉर्म भरताच स्क्रिप्ट चालू करणारा ट्रिगर स्क्रिप्ट एडिटरच्या डावीकडच्या घड्याळाच्या चिन्हातून लावायचा. साध्या जीमेल खात्यावरून स्क्रिप्टला दिवसाला 100 जणांनाच मेल पाठवता येतात. मोठ्या सोसायटीला ते कमीच पडणार.