रमाबाईंबद्दल मंडळीत बारा मिनिटं कसं बोलायचं

५ एप्रिल १९२२ ला पंडिता रमाबाई गेल्या, म्हणून एप्रिलच्या पहिल्या रविवारी चर्चमधल्या उपासनेनंतर आमच्या महिला मंडळात कुणीतरी त्यांच्याबद्दल बोलतं. तेव्हा नंदुरबारकडे ऊन असं, की अकरानंतर कुणाचं लक्ष ठरत नाही. बारा मिनिटं धरा.

१८५८ च्या जन्मापासून सुरुवात करू नका. पहिल्या वर्षी मी केली. 'पंडिता' पदवीपर्यंत पोहोचले तोवर पुढच्या चटईवरच्या आजी घोरायला लागल्या होत्या. आता मी भुकेपासून सुरू करते. दुष्काळात आईवडील गेले, भावाबरोबर पायी देश पालथा घातला, मग भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवरा गेला, आणि कडेवर मनोरमा. इथं गप्प बसते. कुणीतरी विचारतंच, "मंग पुढे काय व्हयनं?"

पुढे १८८२ ची, सरकारनं शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर कमिशनसमोरची साक्ष सांगा: बायकांना बाई डॉक्टर हवी, ही त्यांची मागणी. पाड्यावरच्या बायकांना ती समजावावी लागत नाही. १८८३ चा इंग्लंडमधला बाप्तिस्मा आणि अमेरिकेतली भाषणं दोन वाक्यांत उरका. १८८९ च्या शारदा सदनावरून, म्हणजे विधवांसाठी काढलेल्या त्यांच्या शाळेवरून, धर्मांतराचा वाद पेटला, तो मात्र गाळू नका. ऐकणारीच्या घरातही तो झालेला असू शकतो.

मग केडगावचं मुक्ती मिशन, निराधार बायका-मुलींसाठीचा त्यांचा आश्रम. भुसावळहून मनमाड-दौंडमार्गे पुण्याला गेलेल्यांनी ते स्टेशन पाहिलेलं असतं. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणलं आणि मिशनमधल्या मुलींनी छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, जुळवले. हे नुसतं सांगून कळत नाही. पुठ्ठ्यावर 'मुक्ती' हा शब्द उलटा, खिळ्यावर असतो तसा, लिहून न्या. पुढच्या ओळीतल्या एखाद्या मुलीच्या हातात आरसा द्या आणि वाचायला सांगा. अक्षरं सुलटी झाली, की आजीसुद्धा मान वर करतात. तेव्हाच सांगा, की १९२१ साली मनोरमाही गेली, तरी आईनं भाषांतर सोडलं नाही.

"त्या पाळक होत्या का?" हा प्रश्न येणारच. नाही, धर्मगुरूपदाची दीक्षा नव्हती. पण केडगावची प्रार्थना, शाळा, शेती, सगळं त्यांच्या शब्दावर चालायचं. पाळकबुवा समोर असले तरी आवाज खाली आणू नका.

आरसा परत मागून घ्या. माझे दोन गेले.