टेबलावर पिस्तूल ठेवणारं गिऱ्हाईक आणि दुकानदाराची तयारी

नागपूरच्या बजाजनगरात माझं नऊ टेबलांचं कॉफीचं दुकान आहे. मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी एक गृहस्थ आले, बसताना कमरेला टोचतं म्हणून पिस्तूल काढलं आणि कपाच्या बाजूला ठेवलं. कोणाला धमकावलं नाही, आवाजही चढवला नाही. पण शेजारच्या टेबलावरची बाई उठली, मुलाच्या हातातला अर्धा साबुदाणा वडा कागदात गुंडाळला, पैसे दिले आणि गेली. आमच्या पोराने मला विचारलं, "ताई, मी जाऊ का बोलाले?" मला उत्तर सुचलं नाही. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

सगळ्यात आधी, दुकानाचा नियम काय ते शांतपणे ठरवून ठेवा. अमेरिकेत स्टारबक्सने हे लांबवलं आणि त्यांना ते महागात पडलं. 2010 मध्ये कॅलिफोर्नियात बंदूकवाले उघडपणे पिस्तुलं लावून कॉफीच्या दुकानांत जमू लागले. पीट्स कॉफी या दुसऱ्या कंपनीने सरळ नाही म्हटलं. स्टारबक्स म्हणालं, त्या त्या राज्याचा कायदा असेल तसं. झालं, बंदूकवाल्यांनी त्यांना आपलं मानलं आणि त्यांच्या कौतुकाचे दिवस साजरे केले. दुसरीकडे मातांच्या एका संघटनेने शनिवारी तिथे जाऊ नका म्हणून मोहीम काढली. ऑगस्ट 2013 मध्ये असा कौतुकाचा दिवस न्यूटाउन या गावीही ठरला. डिसेंबर 2012 मध्ये तिथल्याच शाळेत 20 लहान मुलं आणि 6 मोठी माणसं मारली गेली होती. त्या कौतुकाच्या दिवशी स्टारबक्सने तिथलं दुकान लवकर बंद केलं. शेवटी सप्टेंबर 2013 मध्ये प्रमुख हॉवर्ड शुल्ट्झ यांनी उघड पत्र लिहून विनंती केली, की दुकानात शस्त्र आणू नका. बंदी मात्र घातली नाही, कारण मग शस्त्र लावलेल्या माणसाला अडवायचं काम कॉफी देणाऱ्या पोरांवर आलं असतं. हे कारण मला फार पटलं. माझा सगळा नियम त्यावरच उभा आहे.

नियम ठरवण्याआधी गिऱ्हाइकांना विचारा, पण चारचौघांत नको. गल्ल्याशी पैसे देताना एकेकाला विचारा. आणि प्रश्न कसा विचारता यावर सगळं आहे. सुरुवातीला मी विचारायची, "दुकानात शस्त्र चालेल का?" तर लोक लायसन्स, कायदा, स्वसंरक्षण यावर भाषण द्यायचे. मग मी प्रश्न बदलला: "शेजारच्या टेबलावर पिस्तूल दिसलं तर तुम्ही काय कराल?" त्यावर बहुतेकांचं उत्तर एका वाक्यात आलं, उठून जाऊ. कॉलेजच्या एका मुलीने सांगितलं की ती जाणार नाही, पण बोलणं थांबवेल. फौजेतून निवृत्त झालेले काका रोज सकाळी येतात. ते म्हणाले, "हत्यार टेबलावर ठेवणाऱ्याला हत्यार समजलंच नाही." हे ऐकून मी निश्चिंत होणार होते, तेवढ्यात प्लॉटचा धंदा करणाऱ्या एका दादांनी अडचण मांडली: "ताई, लायसन्स आहे नं माझ्यापाशी. बुटीबोरीहून रात्री रोकड घेऊन येतो. गाडीत ठेवली अन् चोरी गेली तं मीच फसतो. ठेवू कुठं सांगा?"

त्यांचं खरं आहे. बंद गाडीत पिस्तूल सोडून या असं दुकानदाराने कोणालाही सांगू नये. ते चोराच्या हाती गेलं तर धोका साऱ्या वस्तीला. म्हणून माझ्या पाटीवर दोन वाक्यं आहेत: "कृपया शस्त्र घेऊन आत येऊ नये. जवळ असल्यास कॉफी गाडीपाशी आणून देऊ." दुसरं वाक्य विसरू नका. नुसत्या पहिल्या वाक्याने माणूस अपमान घेऊन जातो.

पाटी मोठी लिहा. टेक्सासात 2016 पासून पिस्तूल उघड बाळगायला परवानगी मिळाली, तेव्हा नको म्हणणाऱ्या दुकानांच्या पाटीचं मापही कायद्यात आलं: अक्षरं किमान एक इंच उंच, रंग उठून दिसणारा, मजकूर इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत. आपल्याकडे अशी सक्ती नाही, पण माप चांगलं आहे. मी मराठीत आणि हिंदीत लिहून घेतली, दाराच्या काचेवर, डोळ्यांच्या उंचीला.

कायद्याचं थोडक्यात सांगते. तिकडच्यासारखं शस्त्र मिरवत फिरणं आपल्याकडे चालत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतो. 2016 च्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी शस्त्र होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात, किंवा पिशवीत, झाकून न्यायचं असतं, काढून दाखवायचं नसतं. म्हणजे टेबलावर ठेवणं परवानाधारकालाही शोभणारं नाही, आणि तुम्ही उगाच अडवत नाही आहात.

आता बोलायचं कसं. पोरांनी बोलायचं नाही, हे आधी बजावा. पोराने फक्त येऊन तुम्हाला सांगायचं, तेही नेहमीच्या आवाजात; आमच्याकडे "चार नंबरचं बिल बघा" एवढंच ठरलं आहे. मालकाने जावं, समोर नाही तर बाजूला उभं राहावं, हात दिसतील असे ठेवावेत आणि खालच्या आवाजात म्हणावं, "दादा, एवढं आत ठेवता का? लेकरं बसली आहेत. कॉफी मी गाडीत पाठवते." पिस्तुलाला बोट दाखवू नका, परवाना मागू नका, ते पोलिसांचं काम. ऐकलं तर आभार माना आणि विषय तिथेच सोडा. नाही ऐकलं तर वाद न घालता मागे या, जवळच्या टेबलांना हळूच दुसरीकडे बसवा आणि आतून 112 लावा. कोणावर रोखलं किंवा प्यालेला असेल, तर बोलायला जाऊच नका. आधी लोक बाहेर, मग फोन.

लग्नसराईत आणखी एक करा. साखरपुड्याची, वरातीनंतरच्या कॉफीची बुकिंग घेतानाच नियम सांगा, आगाऊ पैसे घेण्याआधी. आनंदात हवेत गोळी झाडून लोकांचा जीव धोक्यात घातला तर शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात, हेही सांगते मी. गेल्या हिवाळ्यात एका नवरदेवाच्या मामांनी हे ऐकून बुकिंग परत घेतलं. मी पैसे मोजून परत दिले.